झाँ कालासचा खटला आणि राज्य कसं असावं यावरचं अठराव्या शतकातलं भांडण

अक्षरवेल:

फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं लिहिताना माँतेस्क्यू, व्होल्तेअर आणि रूसो ही तीन नावं आपण एका दमात घेतो. एकाने सत्ताविभाजन सांगितलं, दुसऱ्याने धर्मसंस्थेवर टीका केली, तिसऱ्याने सामाजिक करार मांडला, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात राज्य कसं चालावं याबद्दल या मंडळींचं आपसांत पटत नव्हतं. ते भांडण समजून घ्यायचं तर ग्रंथांच्या आधी एक खटला नीट बघावा असं मला वाटतं, म्हणून हा धागा.

दक्षिण फ्रान्समधलं तुलूज शहर, १३ ऑक्टोबर १७६१ची रात्र. झाँ कालास हा साठी ओलांडलेला कापडाचा व्यापारी. खाली दुकान, वर बिऱ्हाड. कुटुंब प्रोटेस्टंट. १६८५ पासून फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांना कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच नव्हतं. जन्म असो की लग्न, कॅथलिक पाद्र्याच्या वहीत नोंद झाली तरच ते खरं. थोरला मुलगा मार्क-आंत्वान कायदा शिकलेला, पण वकिली करायला कॅथलिक असल्याचा दाखला लागे आणि तो त्याला मिळत नव्हता. त्या रात्री लाव्हेस नावाचा एक तरुण पाहुणा जेवायला होता. जेवण उरकल्यावर मार्क-आंत्वान उठून खाली गेला. बऱ्याच वेळाने धाकटा भाऊ पिएर पाहुण्याला दिवा घेऊन पोचवायला उतरला, तर भाऊ दुकानात मरून पडलेला.

आरडाओरडा ऐकून लोक जमले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं की पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच मारला. नगराधिकारी दाव्हिद द बोद्रिगने तेवढ्यावर सगळं घर उचललं: बाप, आई, पिएर, पाहुणा आणि मोलकरीण जान व्हिगिएर. ही मोलकरीण स्वतः कट्टर कॅथलिक. घरातल्या लुई नावाच्या मुलाला कॅथलिक व्हायला तिनेच मदत केली होती. तरी धर्मापायी झालेल्या खुनात तीही सामील धरली गेली! घरच्यांनी आधी सांगितलं की प्रेत जमिनीवर पडलेलं मिळालं. नंतर म्हणाले की त्याने दाराच्या दोन फळ्यांवर दांडा टाकून गळफास घेतला होता. आधी लपवलं कारण आत्महत्या करणाऱ्याचं प्रेत रस्त्यातून फरफटत नेण्याची शिक्षा तेव्हा होती. बदललेला जबाब त्यांच्यावरच उलटला.

आता तपास कसा झाला ते पाहा. साक्षीदारांनी पुढे यावं म्हणून चर्चमधून एक आवाहन वाचलं गेलं. काय घडलं ते कुणाला ठाऊक आहे का, असा सरळ प्रश्न त्यात नव्हता. धर्म बदलतोय म्हणून मुलाला मारायचं ठरलं होतं, हे कुणी पाहिलं किंवा ऐकलं आहे का, अशी त्याची भाषा होती. म्हणजे निकाल आधी आणि साक्षी नंतर. खटला बंद दाराआड. जाबजबाबाच्या वेळी आरोपीसोबत वकील नाही. पुराव्याची तर चक्क बेरीज चाले. अर्धा पुरावा सगळीकडेच मानत, पण तुलूजमध्ये पाव आणि अष्टमांश पुरावाही धरत. व्होल्तेअरने पुढे यावर लिहिलं की ऐकीव गोष्ट म्हणजे पाव, त्याहून पुसट अफवा म्हणजे अष्टमांश, तेव्हा बिनबुडाच्या आठ अफवा एकत्र आल्या की झाला पूर्ण पुरावा.

९ मार्च १७६२ रोजी तुलूजच्या पार्लमाँने निकाल दिला. (नावावर जाऊ नका, हे कायदेमंडळ नव्हतं, प्रांताचं वरिष्ठ न्यायालय होतं.) १३ पैकी ८ न्यायाधीश देहदंडाच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा आधी छळ केला, मग चाकावर बांधून लोखंडी कांबीने हाडं मोडली, दोन तासांनी गळा आवळला आणि प्रेत जाळलं. शेवटच्या श्वासापर्यंत तो एकच सांगत राहिला की मी निर्दोष आहे. कबुली मिळाली असती तर बाकीच्यांनाही चढवता आलं असतं. ती मिळालीच नाही, म्हणून पिएरला हद्दपार केलं आणि उरलेल्यांना सोडून दिलं. खून सगळ्यांनी मिळून केला असा आरोप आणि सुटका बहुतेकांची, यातली विसंगती तुलूजबाहेर लगेच लोकांच्या लक्षात आली.

व्होल्तेअर तेव्हा स्वित्झर्लंडच्या सीमेलगत फर्ने गावात राहत होता. बातमी कळताच तो निर्दोषत्वाची खात्री धरून बसला नाही. त्याने धाकट्या दोना कालासला बोलावून खोदून खोदून विचारलं, व्यापाऱ्यांकडून माहिती काढली, मगच उभा राहिला. कालासच्या विधवेला पॅरिसला पाठवलं, नामांकित वकील दिले. या वकिलांची निवेदनं छापून विकली गेली. वकिलाची सही असलेल्या न्यायालयीन निवेदनाला छपाईपूर्व परवाना लागत नसे, त्यामुळे पुस्तकात जे छापता येत नव्हतं ते इथे उघड छापता आलं. १७६३ मध्ये सहिष्णुतेवरचा त्याचा ग्रंथ आला. जून १७६४ मध्ये राजाच्या परिषदेने तुलूजचा निकाल रद्द केला आणि ९ मार्च १७६५ला, निकालाच्या बरोबर तिसऱ्या वर्षी, झाँ कालास निर्दोष ठरला. राजाने कुटुंबाला ३६,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले.

आता माझा मुद्दा. कालासला मारणारे न्यायाधीश स्वतंत्र होते. पार्लमाँमधलं न्यायाधीशपद विकत घेतलेलं असे, ते वारसाने मुलाकडे जाई आणि राजाला मनात आलं म्हणून काढून घेता येत नसे. माँतेस्क्यूला राजाच्या लहरीपुढचा बांध म्हणून अशाच संस्था हव्या होत्या. तो स्वतः बोर्दोच्या पार्लमाँमध्ये होता आणि १७२६ मध्ये त्याने ते पद विकलंही. मग निरपराध माणसाला मारलं स्वतंत्र न्यायालयाने आणि त्याचं नाव धुऊन काढलं राजाच्या परिषदेने. अशा वेळी सत्ताविभाजनाचं काय करायचं? व्होल्तेअरचं उत्तर माँतेस्क्यूच्या नेमकं उलट होतं. तुम्हाला काय वाटतं?

वकीलकाका:

धागा मनापासून आवडला. फौजदारी न्यायालयात आयुष्य गेलं, त्यामुळे 'पाव पुरावा' वाचून अंगावर काटा आला.

माँतेस्क्यूवर मात्र अन्याय होतोय. 'द स्पिरिट ऑफ लॉज' हा १७४८चा ग्रंथ. त्यातल्या अकराव्या भागाचा सहावा अध्याय, इंग्लंडच्या राज्यघटनेवरचा, सगळे सांगतात. त्यातच तो म्हणतो की न्याय देण्याचा अधिकार कायमस्वरूपी मंडळाकडे असू नये. वर्षातल्या ठराविक काळी लोकांमधूनच माणसं निवडावीत, काम संपलं की त्यांनी घरी जावं. म्हणजे ज्यूरी. न्यायाधीश हा वर्ग होऊन बसू नये, लोकांनी न्यायपदाला भ्यावं, न्यायाधीशाला नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तुलूजचे पिढीजात तेरा जण या अध्यायात बसतच नाहीत.

आणि बारावा भाग फार थोडे लोक वाचतात. नागरिकाचं स्वातंत्र्य मुख्यतः फौजदारी कायदे चांगले असण्यावर अवलंबून असतं, असं तो तिथे लिहितो. एका साक्षीदारावर देहदंड देणारा कायदा स्वातंत्र्याला घातक, असंही. माझ्या मते ग्रंथाचं काळीज इथे आहे. सत्तेचे तीन भाग हे साधन. रात्री दारावर थाप पडली तर माणसाला भीती वाटू नये, हा हेतू.

अक्षरवेल:

वकीलकाका, बारावा भाग आणलात ते फार बरं झालं. पण त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात तो न्यायाधीशपदांच्या विक्रीचं समर्थन करतो ना? राजेशाहीत पदं उघड विकली नाहीत तर दरबारी लोक ती चोरून विकतीलच, असा त्याचा युक्तिवाद. व्होल्तेअर यावर भयंकर चिडला होता. माणसाच्या जिवाचा निवाडा करायचा हक्क पैशाने घ्यायचा, ही त्याला किळसवाणी गोष्ट वाटे. इंग्लंडसाठी ज्यूरी आणि फ्रान्ससाठी विकत घेतलेली खुर्ची, हे दोन्ही एकाच लेखकाच्या पदरात घालावं लागतं.

वकीलकाका:

ते मान्य. पण त्याची विचाराची रीतच तशी होती. सगळीकडे एकच औषध चालतं असं तो मानत नव्हता. फ्रान्समध्ये ज्यूरी नव्हती. होती ती पार्लमाँ. तीही मोडली तर राजा आणि प्रजा यांच्यात काहीच उरत नाही, ही त्याची भीती होती. ती खोटी म्हणता येईल का?

सई_मो:

रूसोचा 'सामाजिक करार' एप्रिल १७६२ मध्ये प्रसिद्ध झाला, कालासला मारल्यानंतर महिन्याभरात. त्याच जूनमध्ये पॅरिसच्या पार्लमाँने त्याच्या 'एमिल'ची प्रत जाळायचा आणि त्याला पकडायचा हुकूम काढला, त्याला पळून जावं लागलं. म्हणजे हीच न्यायालयं माणसंही जाळत होती आणि पुस्तकंही. मला म्हणून रूसो जास्त जवळचा वाटतो. सत्तेचे तुकडे कसेही वाटा, ती मुळात लोकांची नसेल तर काय उपयोग? कायदा सगळ्यांनी मिळून केलेला असेल आणि सगळ्यांना सारखा लागू असेल, तर कुणा एका पंथाला कायद्याने नाहीसं करताच येणार नाही.

अक्षरवेल:

सई, मला नेमकी इथेच भीती वाटते. तुलूजमध्ये 'लोक' कुणाच्या बाजूने होते? ओरडणारी गर्दी लोकांचीच होती. मार्क-आंत्वानला कॅथलिक हुतात्मा ठरवून वाजतगाजत पुरलं, एका धर्मबंधुसंघाने त्याच्यासाठी थाटाची प्रार्थना केली, तिथे एक सांगाडा टांगून त्याच्या हातात 'पाखंडाचा त्याग' असं लिहिलेला कागद दिला. तो कधी कॅथलिक झालाच नव्हता! रूसो म्हणेल की ही समाजाची सामूहिक इच्छा नव्हे, नुसती मतांची बेरीज आहे. सामूहिक इच्छा सर्वांच्या हिताकडे बघते. ठीक आहे. पण या दोन्हींतला फरक त्या रात्री चौकात उभं राहून कुणी आणि कसा ओळखायचा? रूसोकडे त्याची कार्यपद्धत नाही. आणि कोठडीतल्या माणसाला कार्यपद्धतच वाचवते.

सई_मो:

प्रश्न रास्त आहे. तरीही एक सांगते. व्होल्तेअर ज्या राजाकडे दाद मागत होता, त्याच राजाच्या राज्यात प्रोटेस्टंटांचं लग्न बेकायदा होतं. तो कायदा तुलूजच्या न्यायाधीशांनी केला नव्हता. एका घराला ३६,००० लिव्र मिळाले, लाखो प्रोटेस्टंट होते तिथेच राहिले. त्यांच्या जन्म-लग्न-मृत्यूला कायदेशीर नोंद मिळायला १७८७चा आदेश उजाडावा लागला. एका खटल्यातली दया म्हणजे हक्क नाही. रूसोकडे कार्यपद्धत नसेल, पण हक्काचा उगम कुठे आहे हे त्याने ठामपणे सांगितलं.

मांडवीकाठ:

चांगल्या राजाने वा मंत्र्याने वरून सुधारणा करणं किती टिकतं, याचं उदाहरण आमच्या गोव्यात आहे म्हणून लिहितो.

पोर्तुगालमध्ये १७५० ते १७७७ मार्क्विस ऑफ पोंबाल सर्वेसर्वा होता. ज्ञानोदयाच्या वाऱ्याचा माणूस. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या पाद्र्यांना त्याने १७५९ मध्ये हाकललं. १७६१ मध्ये त्याच्या राजवटीने आशियातल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या गोऱ्यांइतकेच हक्क दिले. गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी तो हुकूम वर्षानुवर्षं दाबून ठेवला, तो अमलात यायला १७७४ उजाडलं. त्याच १७७४ मध्ये गोव्याचं इन्क्विझिशन बंद झालं. १५६० पासून लोकांच्या मानेवर बसलेली ही धर्मचौकशी: गुप्त आरोप, आरोप कुणी केला हे आरोपीला सांगायचं नाही, घरातलं तुळशीवृंदावन किंवा लग्नातल्या जुन्या चाली हासुद्धा गुन्हा. ती एका हुकमाने गेली.

आणि एका हुकमाने परत आली. फेब्रुवारी १७७७ मध्ये राजा वारला, पोंबाल पडला, १७७८ मध्ये इन्क्विझिशन पुन्हा सुरू. कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं. कागदपत्रंही बहुतेक जाळली गेली, त्यामुळे किती घरं उद्ध्वस्त झाली हे आज कागदावरून काढता येत नाही. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण ती माझ्याच गावांतली माणसं होती.

शिवाय पोंबालला धर्मचौकशीचा मूलतः तिटकारा होता असंही नाही. लिस्बनमध्ये सप्टेंबर १७६१ मध्ये मालाग्रिदा या म्हाताऱ्या जेझुइटाला इन्क्विझिशननेच पाखंडी ठरवून मारलं, आणि तेव्हा ती संस्था पोंबालच्या भावाच्या हाताखाली होती. तुलूजची घटना त्यानंतर महिन्याभरात. हत्यार तेच, फक्त हात बदलला. माँतेस्क्यूने पंचविसाव्या भागात स्पेन-पोर्तुगालच्या धर्मचौकशांना उद्देशून एक कळकळीचं निवेदन लिहिलं आहे, लिस्बनमध्ये जाळलेल्या अठरा वर्षांच्या ज्यू मुलीच्या निमित्ताने. ते वाचा. सत्ता विभागायची ती याचसाठी.

अक्षरवेल:

मांडवीकाठ, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. फ्रान्समध्ये हेच जवळजवळ त्याच वर्षांत घडलं. १७७१ मध्ये मोपू या मंत्र्याने पॅरिसची पार्लमाँ मोडून काढली, पदांची विक्री थांबवली, पगारी न्यायाधीश नेमले. सगळा देश 'ही हुकूमशाही' म्हणून ओरडत असताना व्होल्तेअरने मोपूची बाजू घेतली. त्याची बाजू समजते. कालास होताच, शिवाय १७६६ मध्ये ला बार या कोवळ्या पोराचं प्रकरण झालं होतं. मिरवणुकीपुढे टोपी काढली नाही, अभद्र गाणी म्हटली, असे आरोप. पॅरिसच्या पार्लमाँने देहदंड कायम केला. १ जुलै १७६६ रोजी आबव्हीलमध्ये त्याचं डोकं उडवलं आणि धडाबरोबर व्होल्तेअरच्या 'तत्त्वज्ञानाच्या कोशा'ची प्रत जाळली. या न्यायाधीशांबद्दल त्याने आदर कुठून आणायचा?

पण १७७४ मध्ये पंधरावा लुई गेला, सोळाव्याने जुनी पार्लमाँ परत बोलावली. तीन वर्षांत सुधारणा पुसली गेली. आणि ला बारला माफी द्यायचं राजाच्या हातात होतं, त्याने दिली नाही. राजाच्या परिषदेने कालासला न्याय दिला तो पॅरिस आणि अर्धा युरोप बघत होता म्हणून. ला बारच्या वेळी तितकं कुणी बघत नव्हतं, घाईही झाली. तेव्हा राजा की न्यायालय, हा प्रश्नच मला अपुरा वाटू लागला आहे. उघडेपणा कुठे होता आणि कुठे नव्हता, हे बघावं.

नांगरट:

सगळं वाचलं. एक बोच आहे, ती मांडतो.

कालासच्या विधवेला व्होल्तेअर मिळाला, पॅरिसचे वकील मिळाले, सावकारांनी पैसे उभे केले. ती कापड व्यापाऱ्याची बायको होती, लिहिता-वाचता येणाऱ्या समाजातली. त्याच तुलूजच्या मैदानात किती शेतमजूर, भिकारी, मोलकरणी चढल्या असतील, ज्यांचं नावही कुणी छापलं नाही? छापील निवेदन, उघडी सुनावणी, अपील हे सगळं ज्याला वाचता येतं आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या कामाचं.

म्हणून मला या सगळ्या मंडळींत थॉमस पेन मोठा वाटतो. महात्मा फुल्यांनी तरुणपणी त्याचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं आणि ते त्यांच्या मनात खोल रुजलं, ते उगाच नाही. पेनला राजा, सरदार, सामान्य प्रजा यांचा समतोल वगैरे मान्यच नव्हता. जन्माने मिळणारी सत्ताच चूक, मग समतोल कशाचा? आणि तो तिथे थांबत नाही. १७९२च्या दुसऱ्या भागात तो हिशेब मांडतो: पन्नाशी ओलांडलेल्या गरिबाला वर्षाला ६ पौंड, साठीनंतर १० पौंड, गरिबाच्या मुलांच्या शिक्षणासाठी वेगळी रक्कम. आणि ही भीक नाही, हक्क आहे असं स्पष्ट लिहितो. माँतेस्क्यूच्या अख्ख्या ग्रंथात असा हिशेब नाही.

फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ साली काय दाखवलं ते बघा. इंग्रजांचा कायदा आला, कचेऱ्या आल्या, स्टँपाचे कागद आले, लेखी पद्धत आली. आणि अक्षरशत्रू कुणब्याला त्याच कागदांनी नागवला, कारण कागद लिहिणारा कुलकर्णी, वाचणारा कारकून आणि समजावणारा वकील सगळे एकाच वर्गाचे. कार्यपद्धत होती की! म्हणून फुले शिक्षणावर आणि नोकऱ्यांत सर्व जातींचे लोक असण्यावर हटून बसतात. न्यायाधीश कोणत्या घरातून येतो हा प्रश्न टाळून न्यायालयाच्या स्वातंत्र्यावर बोलता येत नाही.

वकीलकाका:

नांगरट, शंभर टक्के. पक्षकाराला स्वतःच्या अर्जात काय लिहिलंय हे माहीत नसताना अंगठा उठवताना मी कित्येकदा बघितलं आहे. माझ्या कामाच्या पहिल्या वर्षांत मी एक गोष्ट ठरवली, अर्ज वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. वेळ जातो, पण जाऊ द्यावा.

एक भर घालतो. मिलानच्या बेकारियाचं 'गुन्हे आणि शिक्षा'वरचं छोटं पुस्तक १७६४चं. लेखक अवघा सव्वीस वर्षांचा, पहिल्यांदा निनावी छापलं. तो म्हणतो की कायदे थोडे, स्पष्ट आणि लोकांच्या भाषेत असावेत. लोकांना न कळणाऱ्या भाषेत कायदा लिहिला की माणूस मूठभर लोकांवर अवलंबून राहतो. तुमचा मुद्दा तिथे आहे. छळाबद्दल त्याचा युक्तिवाद तर वाचून विसरता येत नाही: गुन्हा सिद्ध झाला असेल तर छळ निरर्थक, नसेल तर तुम्ही निर्दोष माणसाला छळताय, आणि यात अंगाने दणकट गुन्हेगार सुटतो, अशक्त निर्दोष अडकतो. कालास म्हातारा होता आणि तरीही टिकला, हा अपवाद.

गणिती:

१३ पैकी ८ या आकड्यावर कुणीच थांबलं नाही, म्हणून लिहितो.

काँदोर्से हा गणितज्ञ या खटल्यांनी अस्वस्थ झालेला होता. १७८५ मध्ये त्याने बहुमताने दिलेल्या निकालांच्या संभाव्यतेवर ग्रंथ लिहिला. प्रश्न सोपा: किती न्यायाधीश हवेत आणि किती मताधिक्य हवं, म्हणजे निर्दोष माणूस चढण्याची भीती पुरेशी कमी होईल? समजा प्रत्येक न्यायाधीश १०० पैकी ६० वेळा बरोबर ठरतो. मग तेरा जणांचं बहुमत सुमारे ७७ वेळा बरोबर ठरेल. संख्या वाढवा, खात्री वाढते. आता उलट बघा. गावभर पसरलेल्या अफवेमुळे प्रत्येक जण १०० पैकी ४० वेळाच बरोबर असेल, तर तेरांचं बहुमत फक्त सुमारे २३ वेळा बरोबर. इथे न्यायाधीश वाढवले की चूक पक्की होत जाते!

आणि हे गणित धरून आहे एका अटीवर: प्रत्येकाने स्वतंत्रपणे विचार केलेला असावा. तुलूजचे तेरा जण राजापासून स्वतंत्र होते, पण एकमेकांपासून आणि शहराच्या समजुतीपासून नव्हते. एकाच रस्त्यावरची अफवा सगळ्यांनी ऐकलेली. अक्षरवेल विचारतात की स्वतंत्र न्यायालयाने असं कसं केलं. माझ्या मते 'कुणापासून स्वतंत्र' हे विचारलं की उत्तर मिळतं. अपील दूरच्या शहरात, वेगळ्या माणसांपुढे का असावं, त्याचंही कारण हेच. राजाच्या परिषदेतल्या लोकांनी ती गर्दी ऐकली नव्हती.

सई_मो:

गणिती, हे वाचून रूसोही वेगळा दिसू लागला. लोकांनी आपसांत गट न करता, पुरेशी माहिती घेऊन, प्रत्येकाने स्वतःचं मत दिलं तरच सामूहिक इच्छा नीट बाहेर येते, असं तो दुसऱ्या भागात म्हणतो. अट जवळजवळ तीच आहे.

अक्षरवेल:

हो सई, हा धागा जोडलास ते उत्तम. आणि नांगरट यांचा मुद्दाही याच गणितात बसतो. तेरा न्यायाधीश एकाच वर्गातले, एकाच पंथातले असतील तर ती तेरा मतं नाहीतच, एकच मत तेरा वेळा मोजलं जातं.

वकीलकाका:

क्रांतीनंतर काय झालं तेही नोंदवून ठेवतो, नाहीतर चित्र अर्धं राहील. छळाचा पहिला प्रकार, कबुलीसाठीचा, सोळाव्या लुईने १७८० मध्येच बंद केला होता, उरलेला १७८८ मध्ये. ऑगस्ट १७९०च्या कायद्याने निकालाची कारणं लिहून देणं बंधनकारक झालं. तुलूजच्या आठ जणांना आपण असं का ठरवलं हे कागदावर मांडावं लागलंच नव्हतं! लिहावं लागलं असतं तर आठ अफवांची बेरीज लिहिताना एखाद्याचा तरी हात अडखळला असता, असं मला या व्यवसायात राहून नक्की वाटतं. पार्लमाँ गेल्या, पदांची विक्री गेली, १७९१ मध्ये ज्यूरी आली.

आणि तीनच वर्षांत जून १७९४च्या कायद्याने क्रांतिकारी न्यायाधिकरणासमोर आरोपीचा वकील काढून घेतला, निकाल दोनच ठेवले: सुटका किंवा मृत्यू. ज्यूरी तिथेही होती, पण सरकारने निवडलेली. त्याआधीच एप्रिलमध्ये मालझेर्बला गिलोटिनवर नेलं होतं. हा तोच अधिकारी, ज्याने ज्ञानकोशाचा संपादक दिदरो याचे कागद जप्तीतून वाचवायला स्वतःच्या घरात ठेवले होते आणि प्रोटेस्टंटांच्या नोंदींसाठी झटला होता. गुन्हा काय? त्याने राजाचं वकीलपत्र घेतलं. काँदोर्से मार्च १७९४ मध्ये कोठडीत मेला. राजाला मारू नका असं बोललेला पेनही त्या वेळी पॅरिसच्या तुरुंगात होता.

मांडवीकाठ:

स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूजलाही नोव्हेंबर १७९३ मध्ये याच न्यायाधिकरणाने मारलं. तिला वकील द्यायलाही नकार दिला होता, तू स्वतःच बोलण्यात पटाईत आहेस म्हणून. सत्ता लोकांच्या नावाने चालली तरी आरोपीसमोरची खुर्ची रिकामीच.

अक्षरवेल:

नांगरट, तुमच्या मुद्द्याला मी अजून पुरतं उत्तर दिलेलं नाही. कार्यपद्धत गरिबाला पुरत नाही हे खरं, पण ती काढली की सगळ्यात आधी तोच चिरडला जातो. ज्याच्यामागे व्होल्तेअर उभा राहत नाही, त्याला लेखी कारण, वकील, उघडं दार आणि लांबच्या गावातलं अपील एवढंच वाचवू शकतं. म्हणून वकील सरकारी खर्चाने हवा आणि निकाल त्याच्या भाषेत हवा, इथवर मी तुमच्यासोबत आहे. पेन विरुद्ध माँतेस्क्यू अशी निवड मात्र मला करवत नाही.

नांगरट:

मला करवते. आधी शाळा, मग बाकीचं. पण बेकारिया मी वाचलेला नाही, तो आता वाचतो. वकीलकाका, त्याच्यावर वेगळा धागा काढा, छळाच्या प्रकरणापासून सुरुवात करा.